ढिगाऱ्याला इतिहास, वस्तीला नाही?

गेल्या हिवाळ्यात झाशीच्या आमच्या मंडळींची सहल एरचला गेली. बेतवेकाठचे हे गाव. प्राचीन एरकच्छाची नाणी व लेख कोरलेल्या विटा येथे सापडल्या. अकबराच्या अमदानीत हे एका सरकारचे ठाणे होते. प्रल्हादाची कथाही येथेच घडली, असे गावकरी सांगतात. मंडळी टेकाडावर चढून धन्य झाली. खाली नदीपात्रात मजूर वाळू भरीत होते. त्यांच्या पालांकडे बोट दाखवून एक वयोवृद्ध निवृत्त अधिकारी म्हणाले, ''त्या खिचडीला कसला आलाय इतिहास? पोटासाठी जमली, काम संपले की पांगतील.'' सर्वजण हसले. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे.

परंतु पांगलेल्या खिचडीलाही इतिहास असतो, याचा दाखला अमेरिकेत आहे. आयोवा राज्यात 1900 च्या सुमारास कन्सॉलिडेशन कोल कंपनीने बक्स्टन हे खाणकामगारांचे गाव वसविले. 1905 च्या शिरगणतीत तेथील निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची होती. उरलेल्यांत स्वीडिश, स्लोव्हाक असे नाना देशींचे गोरे. दक्षिणेत ज्या काळी आगगाडीचा डबासुद्धा कातडीचा रंग पाहून मिळे, त्या काळी येथे एका कामाला एकच मजुरी, शेजारी शेजारी घरे आणि मुले एकाच शाळेत! आयोवा विद्यापीठातून 1907 साली वैद्यकीची पदवी घेतलेले कृष्णवर्णीय डॉ. एडवर्ड कार्टर याच गावी रोगी तपाशीत.

ही मालकांची उदारता होती काय? मुळीच नव्हे. गोरे मजूर संप करीत, म्हणून 1880 नंतरच्या दशकात याच कंपनीने व्हर्जिनियातून काळे मजूर जवळच्या मचाकिनॉक गावी आणले होते. हेतू निव्वळ स्वार्थाचा. पण घरे वाटताना रंग पाहावयाचा नाही, हा नियम एकदा झाला आणि माणसांना त्याची सवय जडली. मने शुद्ध होण्याची वाट पाहत कोणी बसले नाही. पुढे कोळसा सरला, गाव ओस पडले, आणि शहरांत गेलेल्या काळ्या कुटुंबांना तीच जुनी वर्णरेषा पुन्हा आडवी आली. हयात असलेल्या काळ्यागोऱ्या रहिवाशांच्या आठवणी टिपून संशोधकांनी 1987 साली या उजाड गावावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आणि आपण? मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्यांस विणकामाचे खाते बंद होते. खाते अधिक पगाराचे, हे वेगळे सांगावयास नको. 1928 च्या संपात हा प्रश्न डॉ. आंबेडकरांना खुद्द कामगार पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला. त्या गिरण्यांचे गोडवे आपण गातो. हे पान मात्र हलकेच उलटतो.

आमच्या सरकारी वसाहतीत क्वार्टर पगाराच्या पायरीने मिळते. भिंतीपलीकडे कोण येणार, हे वाटपाची यादी ठरविते. म्हणून तेथे तमिळ, बंगाली, बुंदेली सुखाने नांदतात. यादी नसते तेथे आपले खरे दर्शन घडते. एरचहून परतल्यावर आठवड्याभरात मंडळाच्या फलकावर त्याच वयोवृद्धांची चिठ्ठी लागली : ''मागील दोन खोल्या भाड्याने देणे आहे. आपल्यांपैकीच हवा.'' आमच्या कचेरीतील एक शिपाई, अस्सल मराठी, मोठ्या आशेने तेथे गेला. त्यास प्रथम आडनाव विचारण्यात आले, आणि मग खोल्या कालच दिल्या असे सांगण्यात आले. चिठ्ठी अजून फलकावर आहे.