पेटीतला कोट बाहेर काढा

शिवलेला कोट आणि खाली रोजचे धोतर, अशा ऐटीत आपले आजोबा कचेरीत जात. ती जोडी आजही शोभते. १९७० नंतर नवी मुंबईसाठी पनवेलकडची भातशेती गेली. आता त्या घरांतली मुले नोकरीच्या मुलाखतीला जातात. त्यासाठी उसनवारी करून सूट शिवू नका. वडिलांचा लग्नातला कोट काढा. खांदे बरोबर बसले, तर शिंपी बाह्या आखूड करतो, कंबर आत घेतो. खांदे उतरत असतील, तर मात्र नाद सोडा. आत सुती सदरा, खाली रोजची धुतलेली पँट पुरे. पनवेलच्या दमट हवेत कोट हातावर न्यावा, दाराशी घालावा. घरी आल्यावर वाऱ्यावर सुकवूनच घडी करा. धाकट्यालाही तो लागेल.