लावलेले अरण्य

टोकियोतील हाराजुकू स्थानकाबाहेर पडणाऱ्या प्रवाशासमोर दोन वाटा असतात. एक वाट तरुणाईने गजबजलेल्या दुकानांच्या गल्लीत शिरते. दुसरी रुळांवरचा पूल ओलांडून एका लाकडी कमानीखालून दाट रानात जाते. या कमानीला जपानी भाषेत तोरी म्हणतात. ती मागे पडली, की शहराचा गलबला ओसरतो आणि पायांखालच्या खडीचा आवाज तेवढा उरतो. पुढे मेइजी जिंगू हे शिंतो देवस्थान आहे. सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांच्या स्मरणार्थ ते १९२० साली उभारले गेले. तेथे येणारा भाविक दोनदा लवतो, दोनदा टाळी वाजवतो, पुन्हा एकदा लवतो आणि निमूटपणे परततो.

सुमारे ७० हेक्टरांचे हे रान पाहून कोणालाही वाटावे, की शहर वाढत गेले आणि मूळ अरण्याचा हा तुकडा देवाच्या नावाने तेवढा वाचला. सह्याद्रीतील देवराया ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तर ही कल्पना सहजच सुचेल. परंतु देवराई ही राखलेली असते. हे अरण्य लावलेले आहे. शंभर वर्षांपूर्वी या जागेचा बराचसा भाग शेतजमीन, गवताळ माळ आणि पाणथळ असा होता. जपानच्या सर्व भागांतून सुमारे १ लाख झाडे भेट म्हणून आली आणि लाखभर तरुणांनी श्रमदानाने ती लावली.

मात्र केवळ उत्साहाने अरण्य उभे राहत नाही. तत्कालीन पंतप्रधान ओकुमा शिगेनोबू यांना येथे निक्कोप्रमाणे सुगी या उंच, सरळ सूचिपर्णी वृक्षांचे भव्य वन हवे होते. होंडा सेइरोकू आदी वनशास्त्रज्ञांनी त्यास नकार दिला. टोकियोची माती आणि शहरातला धूर सुगीला मानवणार नाही, हे त्यांनी निक्को व टोकियो येथील वृक्षांच्या वाढीची तुलना मांडून दाखविले आणि ओक, कापूर यांसारख्या सदाहरित रुंदपर्णी वृक्षांचा आग्रह धरला. शास्त्राने सत्तेला नाही म्हणावे आणि सत्तेने ते ऐकावे, असे प्रसंग कोणत्याही देशाच्या इतिहासात विरळाच.

या शास्त्रज्ञांची खरी थोरवी पुढेच आहे. आज काय दिसेल, याचा विचार त्यांनी केलाच. पण शंभर-दीडशे वर्षांनी कोणती झाडे मागे पडतील आणि कोणती त्यांची जागा घेतील, याचाही आराखडा आखला. एकदा लावणी झाली, की माणसाने शक्यतो हात लावू नये, असा त्यांचा दंडक होता. तो आजही पाळला जातो. वाटेवर पडलेली पाने झाडून काढतात, पण ती बाहेर न टाकता पुन्हा झाडांच्या मुळाशी नेऊन टाकतात. १९४५ च्या हवाई हल्ल्यात मुख्य देवालय जळाले. लोकवर्गणीतून ते १९५८ साली पुन्हा उभे राहिले. आखणाऱ्यांपैकी कोणीही पूर्ण वाढलेले वन पाहणार नव्हता आणि हे त्या प्रत्येकाला ठाऊक होते.

या देवस्थानाचा इतिहास निष्कलंक आहे, असे मुळीच नव्हे. सम्राटपूजा आणि राज्यसत्ता यांची जी सांगड जपानला युद्धाकडे घेऊन गेली, तिचे ते एक प्रतीक होते. १९४५ अखेर धर्म आणि शासन यांची फारकत झाली, तेव्हा सरकारी आश्रयही संपला. तेव्हापासून आतल्या रानाचा खर्च भागविण्यास बाह्य उद्यानातील क्रीडांगणादींचे उत्पन्न हातभार लावीत आले आहे. आजचा पेच येथेच आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या या बाह्य उद्यानात जुनी क्रीडांगणे पाडून नवी बांधण्याच्या आणि उत्तुंग इमारती उभारण्याच्या योजनेस टोकियोच्या प्रशासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली. संगीतकार र्‍युइची साकामोतो यांनी मृत्यूच्या काही आठवडे आधी राज्यपालांना पत्र लिहून तिला विरोध केला. नागरिकांनीही आवाज उठविला. तरीही २०२४ च्या ऑक्टोबरात वृक्षतोड सुरू झाली.

तोडतील त्यापेक्षा अधिक झाडे लावू, असे योजनेचे पुरस्कर्ते सांगतात. देवस्थानाची पैशाची अडचणही खोटी नाही. परंतु लावलेल्या रोपांची संख्या तोडलेल्या वृक्षांच्या वयाची भरपाई कशी करणार? आतले अरण्य राखण्यासाठी बाहेरची झाडे विकावी लागत असतील, तर दोष झाडांचा नव्हे, त्यांचे मोल केवळ भाड्यात मोजणाऱ्या नगररचनेचा आहे. या अरण्याची शांतता साऱ्या शहराच्या वाट्याला येते. मग तिचा खर्च एकट्या देवस्थानाने का सोसावा? तो शहराने उघडपणे, कोणत्याही धर्माचा पक्ष न घेता, उद्यानाच्या नात्याने उचलणे अधिक प्रामाणिक ठरले असते.

मेइजी जिंगूची शांतता निसर्गाने आयती दिलेली नाही. ती काही माणसांच्या दूरदृष्टीने घडली आणि त्यांच्यामागून आलेल्या पिढ्यांच्या संयमाने टिकली. दीडशे वर्षांचा हिशेब मांडणाऱ्यांचे वारस आज किती वर्षांचा हिशेब मांडतात, यावर तिचे भवितव्य अवलंबून आहे. रानातला झाडूवाला मात्र रोज सकाळी पाने गोळा करतो आणि ज्याची त्याला परत करतो.