उत्तम आचारी, पण कार्य पार पाडेल का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये दर जानेवारीत एक खेळ रंगतो, आणि तो मैदानावर खेळला जात नाही. सीझन संपला की हरलेल्या टीम आपापल्या हेड कोचला नारळ देतात. मग ज्या टीमने त्या वर्षी पॉइंटांचा पाऊस पाडला, तिच्या ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटरच्या दाराशी रांग लागते. "एवढा हुशार माणूस, द्या त्याच्या हातात अख्खी टीम!" असा सगळा हिशोब.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे आक्रमण करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. किक मारण्याच्या वेळी मैदानात उतरणारे आणखी वेगळे. या तिन्ही फौजांना आपापला को-ऑर्डिनेटर असतो आणि सगळ्यांच्या वर हेड कोच. ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. हातात एक लॅमिनेट केलेला भलामोठा कागद, कानाला हेडसेट, आणि दर चाळीस सेकंदांत पुढची चाल कुठली ते सांगायचं. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला रेडिओ पंधरा सेकंद उरले की बंद होतो. म्हणजे जे काय सुचायचं ते त्याच्या आत सुचायला हवं. बुद्धिबळ आणि लोकलच्या दारातली कुस्ती यांचं मिश्रण समजा.

काम अवघड आहे यात वादच नाही. पण ते एकच काम आहे. हेड कोचचं काम याच्या पुढची पायरी आहे असं सगळे धरून चालतात. मला वाटतं ते मुळात वेगळं काम आहे.

आपल्याकडच्या लग्नाचं बघा. आचारी उत्तम असला की पंगत खूश. पण म्हणून कोणी आचाऱ्याला सांगतं का, की आता अख्खं कार्यच तुम्ही पार पाडा? वऱ्हाडाची बस अडकली आहे, लाईट गेले आहेत, विहीणबाई रुसल्या आहेत, हॉलवाला घड्याळ दाखवतोय. यातलं काहीच आचाऱ्याच्या यादीत नसतं. ते निस्तरायला यजमान लागतो, आणि त्याला मसालेभात येत नसला तरी चालतं.

उदाहरणं हवीत? डेन्व्हरचंच घ्या. जॉश मॅकडॅनियल्स २००७ साली न्यू इंग्लंड पॅट्रियट्सच्या आक्रमणाचा सूत्रधार होता. त्या टीमने नियमित सीझनमधल्या सोळाच्या सोळा मॅच जिंकल्या आणि ५८९ पॉइंट केले, तेव्हाचा विक्रम. २००९ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याला हेड कोच केलं. पहिल्या सहा मॅच सलग जिंकल्या, आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात त्याला घरी पाठवलं. २०२२ मध्ये रेडर्सनी पुन्हा संधी दिली, ती २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता संपली. आणि गंमत म्हणजे मधल्या काळात पॅट्रियट्सकडे को-ऑर्डिनेटर म्हणून परतल्यावर हाच माणूस सुपर बोल जिंकत होता! २०२५ मध्ये तो तिसऱ्यांदा त्याच खुर्चीत जाऊन बसला. त्याची हुशारी कुठे गेली नव्हती, फक्त तिचं घर ठरलेलं होतं.

त्याच डेन्व्हरने २०२२ मध्ये नॅथॅनियल हॅकेटला आणलं. ग्रीन बेच्या आक्रमणाचा को-ऑर्डिनेटर, ज्याच्या काळात ॲरन रॉजर्स दोनदा एमव्हीपी झाला. (चाली मात्र तिथे हेड कोचच सांगत असे.) पहिल्याच मॅचमध्ये, शेवटच्या मिनिटात, पाच यार्ड हवे असताना त्याने महागडा क्वार्टरबॅक बाजूला ठेवून ६४ यार्डांची किक मारायला लावली. ती चुकली. पुढच्या मॅचला घरचेच प्रेक्षक घड्याळाचे उलटे आकडे मोठ्याने मोजायला लागले, कारण वेळेत चालच सुरू होत नव्हती. दोन मॅच झाल्यावर वेळेचं गणित सांभाळायला एक अनुभवी माणूस मदतीला बोलवावा लागला. पंधरा मॅच झाल्यावर हॅकेटची नोकरी गेली. चाळीस सेकंदांत चाल शोधणं आणि साठ मिनिटांचं घड्याळ सांभाळणं यांत किती अंतर आहे ते बघा.

अर्थात, हा रोग फक्त आक्रमणवाल्यांना होतो असंही नाही. माझ्या दत्तक गावात, शिकागोत, २०२४ च्या थँक्सगिव्हिंगला आमच्या बेअर्सनी हातात टाइमआउट शिल्लक असताना घड्याळ वाहू दिलं आणि डेट्रॉइटविरुद्धची मॅच तीन पॉइंटांनी घालवली. तो कोच मॅट एबरफ्लूस बचावाच्या बाजूने आलेला होता. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं.

आणि शिकागोने ज्याला आणलं तो म्हणजे डेट्रॉइटचाच ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर, बेन जॉन्सन. २०२४ मध्ये त्याच्या आक्रमणाने ५६४ पॉइंट केले होते, लीगमध्ये सर्वात जास्त. २०२५ मध्ये बेअर्सनी पहिल्या दोन मॅच हरल्या. दुसरी तर डेट्रॉइटमध्येच, ५२-२१ अशी. आणि तरी सीझन संपला ११-६ वर. आदल्या वर्षी ५-१२ होते! प्लेऑफमध्ये ग्रीन बेविरुद्ध हाफटाइमला २१-३ असे मागे असताना ३१-२७ जिंकले. शिकागोने प्लेऑफमधली मॅच जिंकली ती २०११ च्या जानेवारीनंतर थेट आत्ता. शेजारी, ऑफिसातले, किराणा दुकानातला काउंटरवाला, सगळे एकच विचारतात : सापडला ना शेवटी?

मी जरा थांबा म्हणतो. कारण हे मी इथेच एकदा पाहिलंय. २०१८ मध्ये कॅन्सस सिटीहून मॅट नॅगी आला. तोही ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर. पहिल्याच वर्षी १२-४ आणि 'कोच ऑफ द इयर'. पण त्या वर्षी टीम कशावर जिंकत होती? बचावावर. लीगमध्ये सर्वात कमी पॉइंट देणारा तो बचाव व्हिक फँजिओ चालवत होता. फँजिओ हेड कोच म्हणून डेन्व्हरला गेला आणि मग ८-८, ८-८, ६-११. मध्ये दोन वेळा नॅगीला चाली सांगण्याचं कामही दुसऱ्याकडे द्यावं लागलं. ब्रायन डेबॉलचंही तसंच. बफेलोचा को-ऑर्डिनेटर, न्यूयॉर्क जायंट्सकडे पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, 'कोच ऑफ द इयर', आणि २०२५ च्या नोव्हेंबरात बाहेर. एका वर्षाच्या पुण्याईवर इथे कोणाचं भागत नाही.

मग मालक लोक तरीही को-ऑर्डिनेटरच का आणतात? ते काही खुळे नाहीत. चांगला को-ऑर्डिनेटर नुसता को-ऑर्डिनेटर म्हणून ठेवला, तर दुसरं कोणीतरी त्याला हेड कोच करून पळवतं आणि तुमच्या क्वार्टरबॅकला सगळी बाराखडी नव्याने गिरवावी लागते. जॉन्सन गेल्यावर डेट्रॉइट १५-२ वरून ९-८ वर आलं, ते एकाच वर्षात. त्यांच्या बचावाचा को-ऑर्डिनेटरही त्याच वेळी गेला हे खरं, पण भीती कसली ते कळतं. त्यामुळे सूत्रधारालाच घरचा कर्ता करून टाकायचं, म्हणजे तो कुठे जात नाही. हे गणित मला पटतं. फक्त यात एक खर्च लपलेला आहे. हेड कोचचं काम हेड कोच होऊनच शिकता येतं, आणि पहिल्या शिकवणीची फी पहिलं गाव भरतं. माइक शॅनाहानची फी रेडर्सनी भरली, १९८९ मध्ये त्याला काढून. फळं मिळाली डेन्व्हरला, दोन सुपर बोल. बिल बेलिचिक बचावाचा माणूस, पण त्याची फी क्लीव्हलँडने भरली आणि सहा सुपर बोल न्यू इंग्लंडला मिळाले.

म्हणून माझं मत असं, की को-ऑर्डिनेटर असताना किती पॉइंट केले हा पुरावाच नव्हे. ना बाजूने, ना विरुद्ध. बघायचं ते हे : ज्या अर्ध्या टीममधलं आपल्याला फारसं कळत नाही, ती तो कोणाच्या हातात देतो? जॉन हारबॉ तर बरीच वर्षं किकवाल्या फौजेचा को-ऑर्डिनेटर होता. ती नोकरीच अशी, की तिन्हीकडचे खेळाडू गोळा करून त्यांची मनं सांभाळावी लागतात. बाल्टिमोरला त्याने सुपर बोल मिळवून दिला.

या कसोटीवर मला जॉन्सनबद्दल आशा वाटते, पण ती पॉइंटांमुळे नाही. बचावासाठी त्याने डेनिस ॲलनला आणलं. रेडर्स आणि सेंट्स, दोन ठिकाणी हेड कोच राहून, दोन्हीकडून काढला गेलेला माणूस. नव्या साहेबांना आपल्याहून जास्त पावसाळे पाहिलेला माणूस शेजारी बसलेला सहसा आवडत नाही. आमच्या आयटीत तर हे रोज दिसतं. उत्तम प्रोग्रॅमरला मॅनेजर करतात आणि तो पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा कोड स्वतःच दुरुस्त करत बसतो.

चाली अजून जॉन्सनच सांगतो. ते त्याला आवडतं, जमतंही. पण कधीतरी सलग तीन-चार मॅच त्याच्या कागदावरचं काहीच चालणार नाही. ते प्रत्येकाच्या नशिबी येतंच. तेव्हा तो कागदातच डोकं घालून बसतो, की मान वर करून बाकीच्या टीमकडे बघतो, हे दिसलं की मी शेजाऱ्यांना उत्तर देईन. तोपर्यंत ११-६ चा आनंद आहेच, तो का सोडा?