जॅझ, नभोवाणी आणि राज्यकर्त्यांची आवड

15 मार्च 2025 रोजी 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणी संस्थेच्या तेराशेहून अधिक कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले. 1942 मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना सुरू झालेली ही संस्था त्यानंतरच्या 83 वर्षांत अशी कधी मुकी झाली नव्हती. प्रकरण न्यायालयात गेले आणि उलटसुलट आदेश निघाले. पुढे जुलैमध्ये अमेरिकन काँग्रेसने देशांतर्गत सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणीसाठी दोन वर्षांकरिता राखून ठेवलेले सुमारे 110 कोटी डॉलर काढून घेतले आणि अध्यक्ष ट्रम्प यांनी त्या विधेयकावर स्वाक्षरी केली. 1967 च्या कायद्याने जन्मास आलेल्या सार्वजनिक प्रसारण महामंडळाने ऑगस्टमध्ये गाशा गुंडाळण्याचे जाहीर केले आणि जानेवारी 2026 मध्ये विसर्जनाचा ठराव केला.

या दोन्ही घटनांची चर्चा झाली ती मुख्यत्वे वृत्तप्रसारणाच्या अनुषंगाने. बातम्या एकांगी होत्या काय, करदात्यांच्या पैशावर वृत्तसंस्था चालवावी काय, असे प्रश्न विचारले गेले. ते महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु या गदारोळात एका वेगळ्या हानीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ही हानी जॅझ संगीताची आहे. अमेरिकेने जगाला दिलेल्या अस्सल देशी कलांमध्ये जॅझचे स्थान अग्रभागी आहे. ही कला जगभर पोहोचली ती प्रामुख्याने नभोवाणीच्या द्वारे. आणि नभोवाणीवर ती टिकून राहिली ती बाजाराच्या कृपेने नव्हे, तर सार्वजनिक पैशाच्या आणि श्रोत्यांच्या वर्गणीच्या आधाराने.

मध्यरात्रीचा आवाज

जानेवारी 1955 मध्ये विलिस कॉनोव्हर नावाच्या निवेदकाने 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर जॅझचा कार्यक्रम सुरू केला. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची 'टेक द ए ट्रेन' ही धून वाजे आणि तिच्यापाठोपाठ एक धीरगंभीर, संथ आवाज येई. श्रोत्यांपैकी बहुतेकांना इंग्रजी जेमतेम कळते याची कॉनोव्हर यांना जाणीव होती. म्हणून ते सोपे शब्द वापरत, सावकाश बोलत आणि वादकांची नावे स्पष्टपणे उच्चारत. राजकारणावर ते चकार शब्द काढीत नसत. आपल्याला आवडलेली ध्वनिमुद्रिका लावावी, ती कोणी व केव्हा वाजवली हे सांगावे आणि बाजूला व्हावे, एवढाच त्यांचा परिपाठ होता. मे 1996 मध्ये त्यांचे निधन झाले. तोपर्यंतची चाळीसहून अधिक वर्षे हा क्रम चालू राहिला.

पूर्व युरोपात आणि सोव्हिएत रशियात या कार्यक्रमाचा जो परिणाम झाला, तो अनेक राजदूतांनाही साधला नसता. जॅझच्या तबकड्या उघडपणे मिळत नसत, तेव्हा तेथील रसिक टाकाऊ क्ष-किरण चित्रफितींवर संगीत कोरून घेत. मनगटाच्या किंवा बरगड्यांच्या छायेवरून सुई फिरे आणि ट्रम्पेट ऐकू येई! अशा श्रोत्यांना लघुलहरींवरील खरखरीतून रोज रात्री येणारा तो आवाज म्हणजे पाठशाळाच होती. पोलंडमधील अ‍ॅडम माकोविच यांच्यासारख्या पियानोवादकांनी जॅझचे पहिले धडे त्या पाठशाळेत घेतले. 1959 मध्ये कॉनोव्हर वॉर्साला उतरले, तेव्हा विमानतळावर मोठा जमाव लोटला होता. विमानातून कोणी बडी असामी आली असावी, असे त्यांना वाटले म्हणतात. ती असामी ते स्वतःच होते. आणि गंमत अशी की, मायदेशात त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते; कारण 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चे कार्यक्रम देशांतर्गत श्रोत्यांना ऐकविण्यास 1948 च्या कायद्याने मनाई केली होती.

हा प्रचार नव्हता, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जॅझचा साधन म्हणून वापर केला. ज्या कृष्णवर्णीय वादकांना दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांच्या उपाहारगृहात बसण्याची मुभा नव्हती, त्यांनाच स्वातंत्र्याचे दूत म्हणून परदेशी धाडण्यात आले. यातील ढोंग वादकांनाही कळत होते. 1957 मध्ये लिटल रॉक येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा लुई आर्मस्ट्राँग यांनी सरकारतर्फे योजलेला रशियाचा दौरा रागाने झिडकारला. तरीही कॉनोव्हर यांच्या कार्यक्रमाला प्रचाराचा दर्प आला नाही. याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. ते सरकारचे पगारी नोकर नव्हते. त्यांनी कंत्राटावर काम केले आणि कोणती ध्वनिमुद्रिका लावायची याचा निर्णय आपल्या हाती ठेवला. पैसा सरकारचा, परंतु आवड माणसाची, अशी ती विभागणी होती. ती पाळली गेली म्हणूनच श्रोत्यांनी त्या आवाजावर विश्वास टाकला.

पेटाऱ्यातील ठेवा

नभोवाणी केवळ तयार ध्वनिमुद्रिका वाजवते, असा एक समज आहे. तो किती अपुरा आहे हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. 7 जुलै 1956 रोजी न्यूपोर्ट महोत्सवात एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील पॉल गोन्साल्व्हिस यांनी टेनर सॅक्सोफोनवर सलग 27 आवर्तने वाजवली आणि बेभान झालेले श्रोते खुर्च्यांवर उभे राहून नाचू लागले. उतरणीला लागलेली एलिंग्टन यांची कारकीर्द त्या रात्रीने पुन्हा उभी केली. मात्र त्या मैफलीची म्हणून जी ध्वनिमुद्रिका विकली गेली, तिच्यातील बराचसा भाग नंतर स्टुडिओत वाजवून घेतलेला होता. आणि गोन्साल्व्हिस यांचे ते विख्यात वादन त्यात दुरून आल्यासारखे ऐकू येई. कारण ते ध्वनिमुद्रिका कंपनीच्या ध्वनिक्षेपकाऐवजी चुकून शेजारच्या 'व्हॉइस ऑफ अमेरिका'च्या ध्वनिक्षेपकासमोर वाजवत होते! नभोवाणीची ती ध्वनिफीत पुढे काँग्रेसच्या ग्रंथालयात सापडली आणि 1999 मध्ये खरी मैफल प्रथमच जगापुढे आली.

दुसरे उदाहरण थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन यांचे. 1957 मध्ये हे दोघे काही महिने एकत्र वाजवत होते. जॅझच्या इतिहासातील तो एक मोलाचा सहवास. परंतु त्याचे ध्वनिमुद्रण फारच थोडे उपलब्ध होते. 29 नोव्हेंबर 1957 रोजी कार्नेगी हॉलमध्ये झालेली त्यांची मैफल 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने ध्वनिमुद्रित केली होती. ती फीत जवळजवळ अर्धे शतक पेटाऱ्यात पडून राहिली. 2005 च्या आरंभी त्याच ग्रंथालयात ती हाती लागली आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. ज्या दोन ध्वनिमुद्रिका आज रसिक आवडीने एकमेकांना ऐकवतात, त्यांचा खरा जतनकर्ता एक सरकारी नभोवाणी खाते होते. ज्या राज्यकर्त्यांना असे खाते म्हणजे निव्वळ उधळपट्टी वाटते, त्यांनी या हिशेबाचाही विचार करावयास हवा.

देशांतर्गत केंद्रांची कथा याहून निराळी नाही. न्यूअर्क येथील 'डब्ल्यूबीजीओ' 1979 पासून आणि न्यू ऑर्लिन्स येथील 'डब्ल्यूडब्ल्यूओझेड' 1980 पासून हे संगीत ऐकवीत आली आहेत. न्यू ऑर्लिन्सच्या केंद्रात स्वयंसेवक आपापल्या घरच्या तबकड्या घेऊन येतात आणि शहराला ऐकवतात. 2005 च्या कॅटरिना वादळात ते केंद्र बंद पडले, तेव्हा न्यू जर्सीतील एका भगिनी केंद्राच्या मदतीने त्याचे कार्यक्रम इंटरनेटवरून चालू राहिले आणि घरदार सोडून पांगलेल्या माणसांना आपल्या गावाचा आवाज परमुलखात ऐकू आला. अशी केंद्रे केवळ सरकारी पैशावर चालत नाहीत. मोठ्या शहरांत श्रोत्यांच्या वर्गणीवर त्यांचा बराच भार असतो. परंतु महामंडळ केवळ अनुदान वाटत नव्हते. संगीत वाजविण्यासाठी हक्कधारकांना जे मानधन द्यावे लागते, त्याचे करार सर्व केंद्रांच्या वतीने ते एकत्रितपणे करी. मोठी केंद्रे हा भार कसाबसा उचलतील. ज्या लहान गावातील केंद्राला बातम्या आणि जॅझ यांतून एकाची निवड करावी लागेल, तेथे प्रथम कोणाचा बळी जाईल हे सांगावयास नको.

यावर एक प्रतिवाद केला जातो. आता प्रत्येकाच्या खिशात लाखो ध्वनिमुद्रिका आहेत. मग निवेदक हवा कशाला? हा प्रतिवाद वरवर बिनतोड भासतो. माइल्स डेव्हिस यांची 1959 ची 'काइंड ऑफ ब्लू' ऐकण्यासाठी आज कोणालाही लघुलहरींवर कान लावून बसावे लागत नाही. परंतु यंत्र जे पुढे करते ते आपल्याच कालच्या आवडीचा हिशेब मांडून. ज्याला 'काइंड ऑफ ब्लू' आवडली त्याला ते तिच्यासारखेच आणखी काही देईल. चांगला निवेदक मात्र त्याच वर्षी निघालेली ऑर्नेट कोलमन यांची कानाला टोचणारी ध्वनिमुद्रिका लावील आणि सांगेल की, आज ही कदाचित आवडणार नाही, तरीही ऐका. श्रोत्याची आवड वाढविण्याची जबाबदारी पत्करणे आणि श्रोत्याची आवड मोजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 1964 पासून बीबीसीवर चालत आलेला 'जॅझ रेकॉर्ड रिक्वेस्ट्स' हा कार्यक्रम या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात फर्माईश श्रोत्यांची असते, परंतु त्या फर्माइशींतून निवड करणारा आणि त्यांची संगती लावणारा एक जाणकार माणूस असतो.

आपला अनुभव

या प्रश्नाकडे आपण केवळ परक्याचे भांडण म्हणून पाहू नये. आपणही या वाटेने गेलो आहोत. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे अमेरिकन कृष्णवर्णीय वादक वाजवीत. गोमंतकीय वादकांनी त्यांच्या सहवासात जॅझ आत्मसात केले आणि तेच वादक पुढे चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. 1951 च्या 'अलबेला'त सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आन्तोनियो वाझ यांच्या मिलाफाने जे संगीत निर्माण झाले, त्याने देशाला ठेका धरावयास लावले. नेमक्या याच सुमारास, 1952 मध्ये, डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. हे मराठी गृहस्थ व्यासंगी होते आणि अभिजात संगीताविषयी त्यांना खरी तळमळ होती. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच कारकीर्दीत सुरू झाला. हे ऋण विसरता येणार नाही. परंतु चित्रपटगीतांचे हे संकरित रूप त्यांना हीन वाटे, आणि त्यांच्या धोरणामुळे ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते मात्र सुधारले नाहीत. ते रेडिओ सिलोनकडे गेले. अमीन सयानी यांच्या आवाजाने देशभर जी मोहिनी घातली, तिला दिल्लीतील एका सद्हेतूचा असा हातभार लागला. अखेर 1957 मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली.

डॉ. केसकरांनी स्वतःची आवड लोकांवर लादण्याची चूक केली. आजचे अमेरिकन राज्यकर्ते त्याच्या नेमके उलट टोक गाठून सारेच बाजाराच्या स्वाधीन करीत आहेत. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. नभोवाणी ही राज्यकर्त्यांची मालमत्ता आहे. ती हवी तशी वळवावी किंवा नको तेव्हा मोडावी, ही ती समजूत होय. कॉनोव्हर यांच्या कारकीर्दीचा धडा याच्या विरुद्ध आहे. सार्वजनिक पैसा द्यावा, निवड जाणकारावर सोपवावी आणि जे ध्वनिमुद्रित झाले ते पुढील पिढ्यांसाठी जपावे. यातली पहिली गोष्ट बंद झाली, तर ती एखाद्या निवडणुकीनंतर पुन्हा सुरू करता येईल. जाणकारांचा ताफा एकदा पांगल्यावर तो पुन्हा जमवणे त्याहून अवघड. आणि जे कधी ध्वनिमुद्रितच झाले नाही, ते तर कोणत्याच सरकारला परत आणता येणार नाही. मंक आणि कोल्ट्रेन यांची मैफल 48 वर्षांनी सापडली, याचे कारण त्या रात्री कार्नेगी हॉलमध्ये नभोवाणीचा एक कर्मचारी यंत्र लावून बसला होता. आज जी मैफल रंगत असेल, तिच्यासमोर तो बसलेला आहे काय, हा खरा प्रश्न आहे. आपल्या आकाशवाणीच्या संग्रहात थोर गायक-वादकांचे जे अमोल ध्वनिमुद्रण साठून आहे, त्याच्या बाबतीतही तो विचारावयास हवा.