विश्लेषण : झोळीतला योग! ‘एरियल योगा’च्या पहिल्या वर्गात नेमके काय होते?

२१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिन जवळ आला, की योगवर्गांच्या जाहिरातींना बहर येतो. अलीकडे त्यांत एक छायाचित्र हमखास दिसते: छतापासून टांगलेले रंगीत कापड आणि त्यात हात मोकळे सोडून उलटी लटकलेली व्यक्ती. हाच तो ‘एरियल योगा’. तो पाहून कुणाला मोह होतो, तर कुणाला धास्ती वाटते. प्रत्यक्षात नवशिक्यांच्या तासाभराच्या वर्गात हा क्षण फार तर दोन-तीन मिनिटांचा असतो. उरलेला वेळ कशात जातो आणि पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे, याविषयी जाहिरात फारसे बोलत नाही.

हा प्रकार आला कुठून?

आजचे त्याचे स्वरूप अमेरिकेतले, मुख्यतः न्यूयॉर्कमधले. ख्रिस्तोफर हॅरिसन यांनी १९९१ मध्ये ‘अँटीग्रॅव्हिटी’ हा कसरतपटूंचा चमू सुरू केला. हवेतल्या कसरतींसाठी वापरले जाणारे कापड पुढे व्यायामवर्गात आले. मात्र टांगून घेऊन आसने करण्याची कल्पना महाराष्ट्राला अजिबात नवी नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या संस्थेत भिंतीला लावलेल्या दोरांच्या आधाराने साधक कित्येक वर्षे उलटे लटकत आले आहेत. तिथे दोराचा हेतू शरीराचे वजन पेलून पाठीला मोकळीक देणे हा असतो. दोरीचा मल्लखांब हा याचा दुसरा नातलग. पूर्वी त्यासाठी वेत वापरत. चांगला वेत मिळेनासा झाल्यावर सुती दोर आला. मल्लखांबात पकड खेळाडूची असते, तर एरियल योगात कापडच माणसाला धरून ठेवते. नवशिक्याला पहिल्याच दिवशी उलटे होता येते ते यामुळेच.

पहिल्या तासात काय घडते?

सुरुवात छताकडे नव्हे, कपड्यांकडे पाहून होते. काखा आणि गुडघ्यांमागचा भाग झाकणारे, अंगासरशी बसणारे कपडे लागतात, कारण कापड नेमके तिथेच घासते. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, मंगळसूत्र, लोंबते कानातले काढून ठेवावे लागते. दागिन्याने कापड उसवते, आणि उलटे झाल्यावर गळ्यातले तोंडावर येते ते वेगळेच. अंगाला तेल किंवा लोशन लावलेले चालत नाही, पकड सुटते. पोट भरलेले नको. जेवून निदान दोन-तीन तास झालेले बरे.

कापड बहुधा नायलॉनचे, किंचित ताणले जाणारे असते. पसरले तर एक माणूस आत पूर्ण झाकला जातो, गोळा केले तर जाड दोरासारखे होते. नवशिक्यांसाठी ते साधारण कमरेच्या उंचीवर आणि शक्यतो दोन ठिकाणी टांगलेले असते. एकाच ठिकाणी टांगलेली झोळी गरगर फिरते.

पहिली दहा-पंधरा मिनिटे पाय जमिनीवरच असतात. कापड पाठीमागे घेऊन मागे रेलणे, एक पाय त्यात अडकवून पुढे वाकणे, दोन्ही पाय त्यात ठेवून हातांवर शरीर तोलणे. दिसायला सोपे वाटते, पण कापड हलते, त्यामुळे पोटाचे आणि खांद्यांचे स्नायू सतत राबतात. मग झोळीत बसायचे. भीतीची खरी सुरुवात इथे होते. पाय जमिनीवरून उचलले, की हात कापडाला घट्ट धरून बसतात.

उलटे होण्याची कृती मात्र ठरलेली आहे. कापड कमरेच्या मऊ भागावर नव्हे, त्याखाली नितंबांच्या वरच्या हाडावर घ्यायचे. ते वर सरकले तर पोट दाबते आणि पकडही ढिली होते. मग मागे झुकत पाय फाकवायचे, गुडघे वाकवून पावले कापडाला बाहेरून आत अडकवायची आणि शेवटी हात सोडायचे. पाय अडकलेले असेपर्यंत माणूस खाली घसरत नाही. हे बुद्धीला पटते, हातांना पटायला वेळ लागतो. चांगला प्रशिक्षक इथे घाई करत नाही, आणि अंगाला हात लावून आधार देण्यापूर्वी विचारतो. वर येताना डोके सर्वांत शेवटी उचलायचे आणि क्षणभर बसून राहायचे. चक्कर बहुधा उतरतानाच्या घाईत येते.

शेवटी शवासन. कापड पसरून आत आडवे व्हायचे, वरून ते मिटते आणि हलका झोका बसतो. घरात बाळाची झोळी पाहिलेल्यांना याचे वेगळे वर्णन नको. अनेकांना याच पाच मिनिटांसाठी पुन्हा यावेसे वाटते.

दुखते का?

हो, थोडे. जांघेत, मांड्यांवर आणि नितंबांवर कापड रुतते, दुसऱ्या दिवशी वळ किंवा काळे-निळे डाग दिसू शकतात. काहींना बस लागावी तसे मळमळते. मुंग्या येणे, बधिरपणा किंवा तीव्र कळ मात्र सहन करायची नसते. लगेच बाहेर यायचे.

कोणी दूर राहावे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच नोंदणी अर्जातल्या बारीक अक्षरांत जातो. अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, नेत्रपटलाचे विकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, चक्कर येण्याचा त्रास, तीव्र आम्लपित्त, गर्भावस्था यांपैकी काही असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटे होऊ नये. यात डोळ्यांकडे विशेष दुर्लक्ष होते. शीर्षासनात डोळ्यांतील दाब सुमारे दुप्पट होतो, असे चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले होते. एरियल योगात मानेवर भार येत नाही, पण डोके हृदयाच्या खाली असतेच. काचबिंदू बराच काळ लक्षणांशिवाय राहतो. म्हणून घरात कुणाला तो असेल आणि वय चाळिशीपुढचे असेल, तर आधी डोळे तपासून घेणे शहाणपणाचे.

टांगणी किती भरवशाची?

कापड फाटेल का, ही पहिली भीती. ती बहुतांशी अनाठायी आहे. कापड ज्या कॅराबिनरला अडकवतात त्यावर क्षमता कोरलेली असते, बहुधा २२ किलोन्यूटन किंवा त्याहून जास्त. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलोंचा भार. म्हणजे २२००हून अधिक किलो. शांत बसलेल्या ६० किलोंच्या माणसाचा भार त्यापुढे नगण्य. झोका किंवा धक्का बसला की तो काही पटींनी वाढतो, तरी कडी टिकते. साखळीतला कच्चा दुवा असतो तो छत. खुंटी भक्कम काँक्रीटच्या स्लॅबमध्ये किंवा लोखंडी तुळईला आहे की फॉल्स सीलिंगच्या वर कुठेतरी, ती कुणी बसवली आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारण्यात संकोच नको. ऑनलाइन झोळी मागवून घरच्या पंख्याच्या हुकाला टांगणे हा तर निव्वळ अविचार. जुन्या वाड्यांतल्या झोपाळ्याच्या कड्या सागवानी तुळयांत असत, हे विसरून चालणार नाही.

उंची वाढते, चरबी झडते?

हाडांची वाढ थांबल्यावर लटकून उंची वाढत नाही. मणक्यांवरील ताण हलका होऊन पाठीला बरे वाटू शकते, पण तो परिणाम काही वेळापुरता. ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज’ने करवून घेतलेल्या अभ्यासात ५० मिनिटांच्या सत्रात सरासरी ३२० कॅलरी खर्च झाल्याचे दिसले. झपझप चालण्याइतकाच हा व्यायाम. पण त्यात सहभागी होत्या अवघ्या १६ महिला. तेवढ्या जोरावर पोटाची चरबी ‘वितळवण्याची’ हमी देणे म्हणजे अतिशयोक्तीच.

शिक्षकाची पात्रता कोण तपासते?

आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत २०१८ पासून योग प्रमाणन मंडळ आहे, पण त्याचे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. त्या परीक्षेचा रोख आसने, प्राणायाम, शरीररचना आणि योगग्रंथांवर असतो. छताची खुंटी तपासणे हा तिचा विषय नव्हे. एरियल योगाची प्रमाणपत्रे बहुतेक खासगी संस्थांची असतात, काही जेमतेम काही दिवसांच्या अभ्यासक्रमाची. त्यामुळे भिंतीवरच्या चौकटीपेक्षा वर्गात किती जण आहेत आणि एकाच वेळी किती जणांना उलटे केले जाते, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

वर्गाआधी ‘इजा झाल्यास जबाबदारी आमची नाही’ अशा हमीपत्रावर सही घेतली जाते. ती केली म्हणून ग्राहकाचे हक्क आपोआप संपत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार निष्काळजीपणा हा सेवेतील त्रुटीत मोडतो. मात्र तक्रार करायची तर पैसे भरल्याचा पुरावा लागतो. चाचणी तासाचे शुल्क रोखीने घेऊन पावती न देणाऱ्या ठिकाणी ती मागून घ्यावी, आणि हमीपत्राचा फोटोही काढून ठेवावा.