आधी बूट, मग बोर्ड

नाताळची सुट्टी जवळ आली की आपल्या ग्रुपवर सहलींचे बेत शिजायला लागतात. यंदा गुलमर्ग आणि स्नोबोर्डिंग जोरात आहे. चर्चा मात्र एकच: बोर्ड कुठला घ्यायचा? माझं मत थोडं उलटं आहे. पहिल्या वर्षी बोर्ड विकत घेऊच नका. घरच्यांचे पैसे घालायचेच असतील तर शिकवणाऱ्यावर, नीट बसणाऱ्या बुटांवर आणि हेल्मेट व मनगटाच्या गार्डवर घाला.

कारण साधं आहे. स्नोबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात आणि हातात स्कीइंगसारख्या काठ्या नसतात. तोल गेला की माणूस पडतोच, आणि पडताना हात आपोआप पुढे जातो. म्हणून नवशिक्यांची मनगटं फार दुखावतात. पुढे पडताना मूठ मिटून, कोपर वाकवून हाताच्या खालच्या भागावर पडायचं. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची आणि खाली बसत जायचं. हे चांगला शिक्षक पहिल्याच तासाला करून घेतो. रील बघून ते अंगात येत नाही. मनगट मोडलं तर पुढच्या सेमिस्टरचे पेपर कोण लिहिणार?

आता बूट. बोर्डाला वळवायचं काम शेवटी पायच करतात, आणि पाय बुटात असतात. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवल्यावर टाच वर उचलली जाता कामा नये. आत एकच लोकरी मोजा घाला. दोन घातले की पाय आतल्या आत सरकतो. थंडी आहे म्हणून एक नंबर मोठा घेण्याच्या भानगडीत पडू नका. आणि जीन्स घरीच ठेवा, ती भिजली की वाळत नाही.

बोर्ड गुलमर्गमध्ये भाड्याने मिळतो. उभा धरला की साधारण हनुवटी ते नाक यांच्या मध्ये यावा, पण उंचीपेक्षा वजन जास्त महत्त्वाचं. नवशिक्याला थोडा लवचिक बोर्ड बरा. पाऊल मोठं असेल तर रुंद मागा, नाहीतर बुटांची टोकं बर्फाला घासतात. कुठला पाय पुढे ठेवायचा हे तर इथेच कळेल: मोजे घालून गुळगुळीत फरशीवर जरा धावत येऊन घसरून बघा. डावा पुढे आला तर ‘रेग्युलर’, उजवा आला तर ‘गूफी’.

यावर कुणी म्हणेल, भाड्याचा माल खराब असतो. असतो कधीकधी. म्हणून पैसे देण्याआधी पट्टे ओढून बघा, स्क्रू हलवून बघा, लोखंडी कड तुटलेली नाही ना बघा, आणि नको असेल तर बदलून मागा. त्यात लाजायचं काय? आपल्याला काय मानवतं हेच ठाऊक नसताना महाग बोर्ड घेऊन तो विमानातून श्रीनगरपर्यंत वाहून नेणं, त्यापेक्षा हे केव्हाही परवडलं.

बेत ठरवताना दोन गोष्टी. नाताळात गुलमर्गचा बर्फ कधीकधी पातळ असतो, जानेवारी-फेब्रुवारी जास्त भरवशाचा. पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग तिथेच आहे. आधी तिच्या कोर्सच्या तारखा बघा, मग तिकिटं काढा. दुसरं म्हणजे, गोंडोलाचा दुसरा टप्पा सुमारे ३,९०० मीटरवर नेतो. तिथून बोर्डावर उतरणं नवशिक्याचं काम नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वरच्या उतारावर हिमस्खलनात एका रशियन पर्यटकाचा जीव गेला. पहिले दिवस खालच्या सपाट उतारावरच घालवा: आधी एक पाय मोकळा ठेवून सरकणं, मग टाचेच्या कडेवर हळूहळू खाली येणं, आणि थांबता यायला लागल्यावरच वळणं.

दोन-तीन हिवाळे असं केल्यावरही जावंसं वाटलं, तर खुशाल बोर्ड घ्या. रंग तेव्हा निवडा.