बाटली संपवायची एवढी घाई कसली?

एक साधा प्रश्न. तुमच्या घरी सेलर आहे का?

हसू नका. वाइनच्या बाटल्या वर्षानुवर्षं जपून ठेवायची थंड, अंधारी जागा म्हणजे सेलर. इंग्रजी सिनेमात दिसणारं ते दगडी तळघर पाचोऱ्यात कुणाकडे असणार? पण एकदा आजीच्या स्वयंपाकघरात डोकावून बघा. ऊन पोहोचत नाही अशा कोपऱ्यात चिनीमातीची बरणी असते. तोंडाला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. आत कैरीचं लोणचं. घातल्या घातल्या कुणी हात लावला तर आजी म्हणते, "मुरू दे अजून." ओला चमचा बुडवला तर तिचा आवाज गल्लीपर्यंत जातो. आणि शेवटी ती बरणी उघडते तेव्हा ताटात एक फोड येते. एका बैठकीत बरणी संपवायचं कुणाच्या मनातही येत नाही.

सेलर म्हणजे वेगळं काय असतं? नीट ठेवायचं, वाट बघायची, चार माणसांत उघडायचं, थोडं घ्यायचं आणि झाकण लावून परत ठेवायचं.

आता दुसरं दृश्य बघा. हेही तुम्हाला माहीत आहे, फक्त घरी सांगत नाही. गावाबाहेरचा रस्ता, ढाब्याच्या मागची अंधारी जागा, दोन बाइक, चार मुलं, प्लॅस्टिकचे ग्लास. पहिला घोट नाक दाबून. चव कशी आहे हे कुणी विचारत नाही, "चढली का?" एवढंच विचारतात. कुणी थांबायला लागला की दुसरा म्हणतो, "संपव भो, उरलेली घरी थोडीच नेता येते!" मग तोंडात बडीशेप आणि बाइकला किक.

त्या एका वाक्यात आपला सगळा घोळ आहे. घरी नेता येत नाही म्हणून संपवायची. संपवायची म्हणून भरभर. आणि भरभर संपवून लगेच गाडीवर, कारण दहाच्या आत घरी पोहोचायचं असतं.

आजचा विषय वाइनचा आहे, पण 'प्या' किंवा 'पिऊ नका' असं सांगायला मी बसलेली नाही. आपल्याला पिणं माहीत आहे, चाखणं कुणी शिकवलेलंच नाही. आणि या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वाइन आपल्यापासून फार लांबही नाही. पाचोऱ्याहून मुंबईकडे जाणारी गाडी पकडा. चाळीसगाव, नांदगाव, मनमाड गेलं की लासलगाव-निफाडच्या पट्ट्यात खिडकीबाहेर द्राक्षबागा सुरू होतात. ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेजने शॅम्पेनच्या पद्धतीची फसफसणारी वाइन बनवून परदेशात पाठवली होती. पुढे अमेरिकेत शिकून नोकरी केलेले राजीव सामंत नाशिकला परतले आणि १९९९ मध्ये त्यांनी सुला सुरू केली. हे नाव त्यांनी आईच्या नावावरून, सुलभावरून घेतलं. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि नाशिक हे नाव द्राक्षांसोबत वाइनसाठीही घेतलं जाऊ लागलं.

यामागे शेतकऱ्याचं वर्षभराचं काम असतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात, आपल्याकडे ऐन थंडीत. आणि आपण डझनभर गाड्यांवर बघतो ती लांबट, बिनबियांची द्राक्षं वाइनसाठी सहसा वापरत नाहीत. वाइनची द्राक्षं छोटी, जाड सालीची, बियांची असतात. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या साल-बियांतूनच येतो.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही वर्गातले सहा जण नाशिकजवळच्या एका वायनरीत गेलो होतो. सगळे एकविशीच्या पुढचे. ओळखपत्रं तपासूनच आत सोडलं. समोर पाच ग्लास आले, प्रत्येकात तळाला जेमतेम दोन-तीन घोट. शेजारी एक रिकामं भांडं. ते कशासाठी? थुंकायला! वाइन चाखणं हाच ज्यांचा व्यवसाय आहे ती माणसं गिळत नाहीत, चूळ भरल्यासारखी तोंडात फिरवून थुंकून टाकतात. दिवसात तीस-चाळीस वाइन चाखायच्या तर दुसरा मार्गच नाही.

आमच्यातला एक म्हणाला, "पैसे दिलेत भो, थुंकू कशाला?" त्याने पाचही ग्लास गिळले. चौथ्या ग्लासला त्याला तिसऱ्यातला आणि चौथ्यातला फरक सांगता येईना. ज्यासाठी आलो तेच त्याच्या हातून गेलं.

चाखायची रीत अगदी सोपी आहे. ग्लास पांढऱ्या कागदासमोर तिरका धरून रंग बघायचा. हलकेच गोल फिरवायचा, म्हणजे वास मोकळा होतो. नाक आत घालून वास घ्यायचा. मग छोटा घोट, जिभेवर सगळीकडे फिरवायचा. आंबट आहे का, तुरट आहे का, चव किती वेळ रेंगाळते, हे बघायचं. बस.

पहिल्यांदा वास घेतला तेव्हा मला काहीच कळलं नाही. "द्राक्षांचा येतोय," मी म्हटलं. समजावून सांगणाऱ्या ताई हसल्या. म्हणाल्या, "पुस्तकातले शब्द शोधू नका. तुमच्या घरी, गावी कशाकशाचे वास येतात ते आठवा." पुन्हा नाक घातलं. सोव्हिन्यो ब्लाँ नावाची ती पांढरी वाइन होती. आणि एकदम पेरू! आमच्या मागच्या अंगणातला, थोडा कच्चा पेरू. शिराझ नावाच्या लाल वाइनमध्ये मैत्रिणीला काळी मिरी सापडली. आणि जामनेरकडच्या मित्राने एका ताज्या वाइनचा वास घेऊन म्हटलं, "हा तर केळी पिकवायच्या खोलीचा वास आहे!" आम्ही हसलो, पण तो बरोबर निघाला. आंबवताना यीस्ट जे वासाचे पदार्थ तयार करतं, त्यातला एक पिकलेल्या केळ्यातही असतो. जळगाव जिल्ह्यातल्या पोराला केळ्याचा वास ओळखायला कुणी शिकवायला लागत नाही.

तेव्हा मला जाणवलं की नाक आणि जीभ आपल्याकडे आहेच. भरताचं वांगं नीट भाजलं गेलंय की नाही हे आपण वासावरून सांगतो. कळण्याच्या भाकरीत उडीद किती पडलाय हे पहिल्या घासात कळतं. दोन घरच्या ठेच्यांतला फरक डोळे मिटून ओळखतो. हीच तर टेस्टिंग! त्यासाठी वाइनच हवी असं नाही. तुम्ही एकवीसच्या आत असाल, किंवा पीत नसाल आणि कधी पिणार नसाल, तरी हा खेळ तुमचाही आहे. तीन प्रकारचे आंबे घ्या, डोळ्यांवर रुमाल बांधा आणि सुरू करा.

घरी बाटली ठेवायची झाली तर मात्र आपली हवा आडवी येते. वाइनला साधारण १२ ते १५ अंश तापमान मानवतं, आणि मे महिन्यात आपला पारा ४४-४५ ला टेकतो. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात कामातून जाते. जुन्या धाब्याच्या घरात गारवा असतो, पण इतका नाही. लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात, ती रूम युरोपातली, १६-१८ अंशांची. पाचोऱ्याची नव्हे! 'जितकी जुनी तितकी भारी' हेही सरसकट खरं नाही. बहुतेक पांढऱ्या आणि गुलाबी वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात. वर्षानुवर्षं ठेवाव्यात अशा थोड्याच. बूच असलेली बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. आणि उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस छान राहते. म्हणजेच, ती त्याच रात्री संपवायची काही गरज नसते.

आता नाण्याची दुसरी बाजू. 'वाइन म्हणजे द्राक्षाचा रस, ती काय दारू थोडीच?' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. हिशोब करून बघा. १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात, १३ टक्क्यांच्या वाइनमध्ये, साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल असतं. ३३० मिलिलिटर बिअरमध्ये १३ ग्रॅमच्या आसपास, ३० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे १०. शरीराला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. 'रोज थोडी वाइन हृदयाला चांगली' हेही आता मागे पडलंय. आरोग्याच्या दृष्टीने मद्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. त्यामुळे औषध म्हणून कुणी पीत असेल तर ती स्वतःची फसवणूक आहे.

कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, इतर कडक दारूसाठी २५. त्यावर परवाना लागतो, आणि परवाना असला तरी घरात किती बाळगायची याला मर्यादा आहे. गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंड भरायला माणूस जागेवर असावा लागतो. ढाब्यामागून निघालेली प्रत्येक बाइक घरी पोहोचतेच असं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि आईची भीती. घरात बाटली म्हटलं की तिचा चेहरा उतरतो, तो उगाच नाही. पगाराच्या दिवशी रिकाम्या हाताने आलेला नवरा, शेजारच्या घरातून रात्री येणारे आवाज, हे तिने पाहिलेलं असतं. आपल्या राज्यात बायकांनी मतदानाला रांगा लावून, 'आडवी बाटली'वर शिक्का मारून गावातली दुकानं बंद पाडली आहेत. त्या बायकांना 'मागासलेल्या' म्हणणारा मुलगा वाइनचा ग्लास कितीही स्टाइलमध्ये धरो, त्याला काही कळलेलं नाही.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? शेतकऱ्याला भाव मिळेल म्हणून एक बाजू, पोरं बिघडतील म्हणून दुसरी. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या जागी समजण्यासारखं होतं. पण सगळी चर्चा बाटली कुठल्या फळीवर ठेवायची यावरच झाली. ज्यांच्या नावाने हा वाद चालला होता त्या आपल्याशी, म्हणजे विशी-बाविशीतल्या मुलामुलींशी, घरात बसून कुणी बोललं? निदान माझ्या घरी तर नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. एकवीसच्या आत असाल तर थांबा. ती आंबे-ठेच्याची टेस्टिंग करा, नाक तयार होऊ द्या. वय झालं असेल आणि प्यायची नसेल तर 'नाही' म्हणा, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. आणि प्यायचीच असेल तर अंधारात, घाईत, गाडीची किल्ली खिशात ठेवून नको. उजेडात, जेवणासोबत, दोन घोट, चव सांगता येईल एवढंच. चव सांगता येईना झाली की ग्लास खाली ठेवायची वेळ झाली, हे माप लक्षात ठेवायला सोपं आहे.

मोठ्यांनाही एक विनंती. मुलांनी विचारलं तर ओरडण्याआधी एकदा ऐकून घ्या. ज्या गोष्टीबद्दल घरात बोलता येत नाही, ती ढाब्यामागे शिकली जाते, आणि तिथला मास्तर चांगला नसतो.

नाशिकहून परतल्यावर मी आजीला सगळं सांगितलं. पेरूचा वास, थुंकायचं भांडं, सगळं. तिने शांतपणे ऐकलं, दारूबद्दल जे बोलायचं ते दोन वाक्यांत बोलून घेतलं, आणि मग विचारलं, "एवढ्या लांब जाऊन नुसतं चाखून आलीस?"

"हो," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि लोणच्याची बरणी उघडायला उठली.